पडद्यावरची मैफल

गाणे कानांनी ऐकावयाचे असते. ते डोळ्यांनी पाहावयाचे कशाला, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. माझ्या पिढीतील बहुतेक नागपूरकरांची समजूत हीच असावी. येथील आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि आमच्या लहानपणी घरातला रेडिओ हीच आमची मैफल होती. गवई मांडी कशी घालतो, तान घेताना हात कोणीकडे नेतो, साथीदाराकडे पाहून हसतो की डोळे वटारतो, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावयाची. पुढे एखाद्या गवयाला प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला म्हणजे थोडी निराशाच होई. कारण मनातला गवई त्याहून हातभर उंच असे.

श्रोतेहो, हे मत मला उतारवयात बदलावे लागले. ते बदलले ते आपल्या गाण्यामुळे नव्हे, तर ज्याला मी आयुष्यभर गोंगाट म्हणत आलो त्या विलायती रॉक संगीतामुळे. हे कसे घडले ते आधी सांगतो, म्हणजे आजच्या विषयाकडे मी कोणत्या वाटेने आलो ते आपल्या ध्यानात येईल.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ‘आयर्न मेडन’ ह्या इंग्रज वाद्यवृंदाचा जलसा झाला. माझा धाकटा मुलगा तेव्हा मुंबईस शिकत होता. परीक्षेच्या अभ्यासाची सबब सांगून त्याने त्या आठवड्यात घरी येण्याचे टाळले, आणि तिकिटाचे पैसे खानावळीच्या पैशांतून काढले. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी त्याला एक पत्र लिहिले. ते पत्र आज कोणापाशीही नाही ह्याचे मला समाधान वाटते. त्यानंतर आम्हा बापलेकांत संगीत ह्या विषयावर बोलणे असे झालेच नाही. मी माझा रेडिओ ऐके, तो कानांत बोंडले घालून त्याचे काय ते ऐके, आणि घरात शांतता नांदे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीस तो आला तेव्हा त्याने एक तबकडी आणली होती. “बाबा, एकदा माझ्याशेजारी बसून हे पाहा, मग काय म्हणायचे ते म्हणा,” असे तो म्हणाला. ती तबकडी ‘फ्लाइट ६६६’ ह्या चित्रपटाची होती. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन ह्या कॅनडाच्या दोघा दिग्दर्शकांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. ह्यांपैकी डन हा मानववंशशास्त्राचा विद्यार्थी आहे, आणि ते त्याच्या कामावरून कळते. ह्या वाद्यवृंदाने एका मोठ्या विमानात माणसे व सुमारे १२ टन सामान घालून ४५ दिवसांत २३ जलसे केले. विमान चालवणारा वैमानिक म्हणजे त्यांचा मुख्य गायक ब्रूस डिकिन्सन हाच! आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड आगगाडीच्या डब्यातून हिंडे, त्याचाच हा अवतार म्हणावयाचा. फरक इतकाच की आपले नट गाडी हाकीत नसत. त्या दौऱ्यातला पहिला जलसा मुंबईचा. मी चष्मा पुसून बसलो तो एकाच हेतूने: त्या हजारो मुलांत माझा मुलगा कोठे दिसतो ते पाहावे. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

ह्या जातीचे चित्रपट दोन प्रकारचे असतात, आणि हे दोन प्रकार वेगळे धरले नाहीत तर पाहणाराचा घोटाळा होतो. एक, मैफलीचा चित्रपट: जलसा जसा झाला तसा, गाण्यामागून गाणे, आपल्यापुढे मांडणारा. दुसरा, अनुबोधपट: त्यात कलावंतांचे जीवन, प्रवास, भांडणे, आठवणी, आणि मधून मधून गाणे. पहिल्यात आपण श्रोते असतो, दुसऱ्यात पाहुणे. ‘फ्लाइट ६६६’ ह्या तबकडीत हे दोन्ही स्वतंत्रपणे दिले आहेत, आणि मला तरी दोहोंची अशी फारकत करणे बरे वाटले.

हे चित्रपट जन्मास आले ते यंत्रातील एका सुधारणेमुळे. पूर्वी बोलपटाचा कॅमेरा म्हणजे चार माणसांनी उचलावयाचे धूड होते, आणि आवाज घेणारे यंत्र त्याहून जड. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील काही खटपट्या मंडळींनी खांद्यावर घेता येईल असा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्या बरोबरीने, त्याच गतीने चालणारे लहानसे ध्वनिमुद्रणयंत्र अशी जोडी जुळवली. दोहोंची गती तंतोतंत एक ठेवणे हीच त्यातली खुबी. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. ध्वनीची फीत केसभर मागेपुढे झाली तरी गाणाराचे ओठ आणि शब्द ह्यांची ताटातूट होते. ही अडचण सुटल्यावर कॅमेरा रंगमंचावर, विंगेत, श्रोत्यांच्या गर्दीत, कोठेही जाऊ लागला.

ह्याचे पहिले मोठे फळ म्हणजे ‘माँटेरे पॉप’. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे गावी तीन दिवसांचा संगीतोत्सव झाला, आणि डी. ए. पेनेबेकर ह्या दिग्दर्शकाने आपल्या सोबत्यांसह तो चित्रित केला. चित्रपट १९६८ साली प्रसिद्ध झाला. मुलाच्या तबकडीनंतर मी जो पहिला चित्रपट स्वतः होऊन मागवून पाहिला तो हा. कारण त्याचा शेवट पंडित रविशंकर करतात असे त्याने सांगितले होते. सव्वा तासाच्या त्या चित्रपटातील सुमारे १८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाव भाग, केवळ सतारीला दिलेला आहे.

ह्या १८ मिनिटांनी माझे डोळे उघडले असे म्हटले तरी चालेल. सतार वाजू लागते. पण कॅमेरा सतारीकडे जातच नाही! तो मैदानात हिंडतो. कोणी डोळे मिटून बसलेला आहे, कोणी फुले माळलेली मुलगी मान डोलावते आहे, कोणी पेंगतो आहे. रॉक संगीतातला अग्रगण्य गिटारवादक जिमी हेंड्रिक्स श्रोत्यांत बसून ऐकताना दिसतो. काही मिनिटे अशी गेल्यावर मग पंडितजींची बोटे दिसतात, उस्ताद अल्लारखांचे हात दिसतात, आणि लय वाढता वाढता अखेर सारे मैदान उभे राहते. प्रथम मला राग आला. सतार ऐकू येत असता वादक का दाखवीत नाही? परंतु दुसऱ्यांदा पाहताना उमगले की दिग्दर्शकाने येथे वादनाचे नव्हे, तर ऐकण्याचे चित्र काढले आहे. अनोळखी संगीत एखाद्या अनोळखी समुदायाच्या अंगात कसे उतरत जाते ते त्याला दाखवावयाचे होते. रेडिओपुढे बसून मला हे कधीच दिसले नसते. तेथे ऐकणारा मी एकटाच.

आणखी एक गोष्ट. पंडितजींचे वादन झाले ते रविवारी दुपारी. हेंड्रिक्स व इतर मंडळी त्याच रात्री वाजवून गेली. म्हणजे उत्सवाचा शेवट सतारीने झालाच नव्हता. तो शेवट चित्रपटाचा आहे, संकलकाच्या टेबलावर बनलेला. ह्याला कोणी खोटेपणा म्हणेल. मी वर्गात इतिहास शिकवीत असे तेव्हा मीसुद्धा सनावळीचा क्रम सोडून जी गोष्ट मुलांच्या मनात राहावी ती तासाच्या शेवटी सांगत असे. पण हे प्रेक्षकाने ओळखून असले पाहिजे. पडद्यावरची मैफल म्हणजे झालेली मैफल नव्हे. कोणी एकाने ती कशी ऐकली ते आहे. कॅमेरा कोठे वळतो, किती वेळ थांबतो, कशाकडे पाठ फिरवतो, ह्यावरून तो ‘कोणी एक’ रसिक आहे की नाही ते कळते. मी हल्ली असा चित्रपट पाहताना गाणाराइतकेच लक्ष ह्या अदृश्य श्रोत्याकडे देतो.

पाठ फिरवण्याचे उदाहरण हवे असेल तर ‘वुडस्टॉक’ पाहावा. ऑगस्ट १९६९ मधील त्या प्रचंड उत्सवाचे सुमारे १२० तासांचे चित्रण झाले होते. १९७० साली चित्रपट निघाला तो तीन तासांचा. त्या उत्सवाच्या पहिल्या रात्री भर पावसात पंडित रविशंकर वाजवीत होते, पण चित्रपटात ते नाहीत. इतक्या मोठ्या कापाकापीत कोण गळावयाचे आणि कोण राहावयाचे हे ठरवणे मला तरी जमले नसते. एका पडद्याचे दोन-तीन भाग करून एकाच वेळी गाणारा आणि श्रोते दाखवण्याची युक्ती त्यात आहे. मोठ्या पडद्यावर ती शोभते, घरच्या लहान पडद्यावर डोळे शिणतात.

त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरला आल्टमाँट येथे ‘रोलिंग स्टोन्स’ ह्यांचा जलसा झाला. तेथे बंदोबस्ताला मोटारसायकलींवरची एक दांडगट टोळी ठेवली होती. रंगमंचासमोर मेरेडिथ हंटर ह्या १८ वर्षांच्या मुलाला भोसकून मारण्यात आले, आणि तो प्रसंग कॅमेऱ्यात सापडला. ‘गिमी शेल्टर’ ह्या अनुबोधपटात गायक मिक जॅगर संकलनाच्या टेबलाशी बसून तो तुकडा पाहतो आहे असे दृश्य आहे. ते मी एकदाच पाहिले. लहान मुले घरात असता हा चित्रपट लावू नये.

आता रिळाविषयी थोडे सांगतो, कारण त्यातून आपल्या संगीताचा एक प्रश्न सुटतो असे मला वाटते. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात सुमारे ११ मिनिटांचे चित्रण मावते. ३५ मिलिमीटरच्या १००० फुटी रिळातही तितकेच. अकरा मिनिटे झाली की कॅमेरा थांबवून रीळ बदलावयाचे. रॉकचे गाणे बहुधा तीन ते पाच मिनिटांचे असते. एका रिळात दोन गाणी आरामात येतात, आणि पुढच्या गाण्याआधी टाळ्यांच्या वेळात रीळ बदलता येते. १९७६ च्या नोव्हेंबरात ‘द बँड’ ह्या वाद्यवृंदाचा निरोपाचा जलसा मार्टिन स्कॉर्सेसी ह्याने चित्रित केला, तेव्हा त्याने प्रत्येक गाण्याच्या ओळींसमोर कोणत्या कॅमेऱ्याने काय टिपावयाचे ह्याचे टिपण आधीच लिहून ठेवले होते. तरीही मडी वॉटर्स हा वृद्ध गायक गावयास उभा राहिला तेव्हा बाकीच्या कॅमेऱ्यांची रिळे बदलली जात होती, आणि एकच कॅमेरा चालू होता. त्याच्यामागे लास्लो कोवाच नावाचा छायालेखक होता. सारख्या येणाऱ्या सूचनांना कंटाळून त्याने कानांवरचे यंत्र काढून ठेवले होते, म्हणून थांबण्याचा हुकूम त्याला ऐकूच आला नाही. ‘द लास्ट वॉल्ट्झ’ मधील तो तुकडा पाहावा. कॅमेरा इकडेतिकडे उड्या मारीत नाही; म्हाताऱ्याच्या तोंडासमोर बसून राहतो. सबंध चित्रपटात मला तोच भाग सर्वांत जिवंत वाटतो.

आणि आपला ख्याल? विलंबित ख्यालात अकरा मिनिटांत बुवा कोठवर पोहोचतात? स्थायी भरून झाली, मध्यमाशी घुटमळत आहेत, षड्ज अजून दूर आहे, तोच रीळ संपले! एकाहून अधिक कॅमेरे लावले तर निभावते. पण तेवढा खर्च गाण्यासाठी करणार कोण? जुन्या तबकडीने आपल्या गवयांना साडेतीन मिनिटांत राग आवरावयास लावले, तसेच चित्रपटाच्या रिळाने केले. तेव्हा आपल्या थोर गवयांच्या सबंध मैफली पडद्यावर का नाहीत ह्याचे कारण केवळ आपली अनास्था नव्हे. रॉकचे गाणे रिळाच्या मापाचे होते आणि आपले नव्हते, हेही त्याचे एक कारण आहे. चुंबकीय फितीवरचा व्हिडिओ आला तेव्हा ही अडचण गेली. एका कॅसेटीत सलग तीन तास मावू लागले. पण तोवर आपले किती तरी जण गेले होते.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ मध्ये एकनाथांची भूमिका केली, आणि १९३७ साली बाबूराव पेंटर ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’ निघाला. तो म्हणजे गंधर्व नाटक मंडळीच्या ‘अमृतसिद्धी’ नाटकाचाच बोलपट. रंगभूमीवरची मैफल पडद्यावर आणण्याचा मराठीतला हा फार जुना खटाटोप. पण रंगभूमीवर प्रत्येक पदाला वन्स मोअर मिळे. पडद्याला वन्स मोअर द्यावयाचा तो कोणी कोणाला? नट आणि श्रोते ह्यांमधली देवघेव तुटली की नारायणरावांसारख्या गायकाचे अर्धे गाणे तेथेच सरले. माँटेरेचा कॅमेरा श्रोत्यांत का हिंडतो, ते येथे समजते.

डॉ. वसंतराव देशपांडे तर आपल्या विदर्भाचे. १९२० साली मूर्तिजापुरास जन्मले, नागपुरात शंकरराव सप्रे ह्यांच्यापाशी शिकले. त्यांच्या नावाचे सभागृह आज सिव्हिल लाइन्समध्ये उभे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि वसंतराव ३० जुलै १९८३ रोजी गेले. घराघरांत व्हिडिओयंत्रे दिसू लागली ती त्याच सुमारास. ‘कट्यार काळजात घुसली’ मधील त्यांचे खाँसाहेब ज्यांनी नाट्यगृहात पाहिले ते अजून सांगत बसतात, आणि आम्ही ऐकत बसतो.

अनुबोधपट पुढे बरेच निघाले, व ते घरी आणून पाहण्यासारखे आहेत. गुलजार ह्यांनी पंडित भीमसेन जोशींवर, डॉ. जब्बार पटेल ह्यांनी कुमार गंधर्वांवर ‘हंस अकेला’, नंदन कुढ्यादी ह्यांनी १९९४ साली मल्लिकार्जुन मन्सूर ह्यांच्यावर ‘रसयात्रा’, अमोल पालेकर व संध्या गोखले ह्यांनी २०११ साली किशोरीताई आमोणकरांवर ‘भिन्न षड्ज’ असे काम केले. ह्या सर्वांचे आपल्यावर ऋण आहे. तथापि एकंदर ह्या जातीच्या अनुबोधपटांविषयी माझी एक तक्रार आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही: राग रंगात येतो न येतो तोच कोणी तरी बोलू लागतो. मोठेपणाच्या साक्षी देणारांना पुढे भरपूर वेळ आहे. आधी गाऊ तर द्या! ह्या बाबतीत रॉकवाल्यांकडून शिकावे. जोनाथन डेमी ह्याने १९८४ साली काढलेल्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ मध्ये एकही मुलाखत नाही, निवेदन नाही. गाणे सुरू होते आणि गाणे संपते.

आपल्या मंडळींचा आणि रॉकवाल्यांचा एक फार गोड मिलाप पाहावयाचा असेल तर ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ मिळवावा. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर ह्यांनी दोन खेळ केले. चित्रपट १९७२ साली आला. प्रारंभी रविशंकर श्रोत्यांना धूम्रपान न करण्याची विनंती करतात. मग ते व अली अकबर खाँ वाद्ये जुळवून घेतात, तोच टाळ्यांचा कडकडाट होतो! त्या भोळ्या श्रोत्यांना वाटले, एक गत वाजवून झाली. पंडितजी हसून, सूर जुळवणेच जर इतके आवडले तर वादन ह्याहूनही आवडेल अशी आशा व्यक्त करतात. आमच्या घरी ह्या जागेला नातवंडेसुद्धा हसतात.

घरी पाहण्याविषयी दोन-चार व्यावहारिक गोष्टी. हल्लीचे दूरचित्रवाणीसंच चित्रात भीमसेन आणि आवाजात पिचके असतात. पातळ संचाचे ध्वनिक्षेपक मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे आवाज भिंतीशी बोलतो. घरात जुना चांगला संगीतसंच असेल तर तारेने तो जोडून घ्यावा. नव्या संचांत चित्र गुळगुळीत करण्याची एक सोय असते, ती बंद करावी; तिच्यामुळे २४ चित्रांच्या फिल्मला लग्नाच्या व्हिडिओची कळा येते. एका बैठकीत सबंध चित्रपट पाहावा, दिवा मंद करावा, आणि जेवण आधी उरकून घ्यावे. इंटरनेटवर वर्गणी भरून पाहावयाच्या चित्रपटांत हे चित्रपट येतात आणि काही महिन्यांनी नाहीसे होतात, कारण प्रत्येक गाण्याच्या हक्कांचे करारमदार निराळे असतात. जो चित्रपट नातवंडांना दाखवावासा वाटेल त्याची तबकडी घेऊन ठेवावी हे बरे.

आता मुलाविषयी. मुंबईच्या जलशाचे जे गाणे तबकडीत आहे ते पहिलेच. तबकडीतला जलसा मुंबईस सुरू होतो आणि टोरंटोस संपतो. मधले एकेक गाणे एकेका शहरातले. मी ते मुंबईचे गाणे तीनदा थांबवून थांबवून पाहिले. हात दिसतात, काळे सदरे दिसतात, घामाने निथळणारे आनंदी चेहरे दिसतात. माझा मुलगा दिसत नाही. “मी फार मागे होतो, बाबा,” तो म्हणाला. पण पुढे बोगोटा शहरातल्या प्रसंगी, ढोल वाजवणाराने फेकलेली काठी हाती आलेला एक तरुण ती उराशी धरून रडताना दाखवला आहे. त्या मुलाकडे पाहून मी तबकडी थांबवली नाही. २००८ च्या त्या पत्रात मी ‘थिल्लर’ हा शब्द वापरला होता एवढे मला आठवत होते. मुलालाही आठवत असावे. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. त्यानंतर दर रविवारी रात्री तो फोन करतो तेव्हा आम्ही काय पाहिले ह्याविषयी बोलतो.

ह्या नादातूनच एका जुन्या कॅसेटीचे प्रकरण उद्भवले. आमच्या शाळेत एक संगीतशिक्षक होते. त्यांना आम्ही सारे बुवा म्हणत असू. त्यांचे नाव वर्तमानपत्रात कधी आले नाही, पण मारवा गावा तो त्यांनीच. १९८८ साली महालातील एका गणेशोत्सवात त्यांचे गाणे झाले, आणि मंडळाने लग्नाचे व्हिडिओ घेणाऱ्या एका गृहस्थाला बोलावले होते. बुवा जाऊन आता वीस वर्षे झाली. ती कॅसेट काकूंच्या कपाटात होती. हार्लेममधील १९६९ च्या संगीतोत्सवाचे सुमारे ४० तासांचे चित्रण जवळजवळ ५० वर्षे तळघरात पडून होते आणि त्यातून २०२१ साली ‘समर ऑफ सोल’ हा चित्रपट निघाला, हे मी कोठे तरी त्यांच्यापाशी बोललो, आणि काकूंनी कॅसेट माझ्या हाती आणून दिली. “ह्यांचे काही निघते का पाहा,” एवढेच म्हणाल्या.

कॅसेटीतील फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेली लोहाची बारीक पूड. उन्हाळ्यात आमच्या नागपूरची ४५ अंशांची आच आणि लागलीच पावसाळ्याची ओल, ह्यांत ते चिकटद्रव्य सुटते आणि फितीवर बुरशी चढते. तशीच ती यंत्रात घातली तर यंत्राचे डोके घाण होते आणि पूड खरवडून निघते; जे उरले तेही जाते. शिवाय यंत्रे तरी कोठून आणावयाची? जपानातील शेवटच्या कारखान्यानेही २०१६ साली ती बनवणे बंद केले. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या उभ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात, स्वतः लावून पाहू नयेत, आणि जाणत्या माणसाकडून साफ करवून संगणकावर उतरवून घ्याव्यात. तीन तासांची कॅसेट उतरावयास तीनच तास लागतात. त्यात घाई चालत नाही. आणि मूळ कॅसेट फेकू नये.

एका जाणत्या तरुणाने दोन महिने खपून बुवांची कॅसेट उतरवली. तिच्यात काय निघाले? पहिली चाळीस मिनिटे सत्कार. मग बुवा गातात. पण व्हिडिओवाले गृहस्थ कॅमेरा घेऊन पाहुण्यांच्या रांगेवर फिरत आहेत. अध्यक्ष दिसतात, अध्यक्षांची पत्नी दिसते, आरास दिसते, एक मूल लाडू खाताना बराच वेळ दिसते. बुवांचा मारवा मागून कोठून तरी ऐकू येतो. हाही कॅमेरा श्रोत्यांत हिंडत होता; पण ऐकत नव्हता. माँटेरेचा कॅमेरा आणि हा, ह्यांतला फरक मी काकूंना समजावून सांगणार होतो, पण मग सांगितला नाही.

पुढे मात्र एक नवल आहे. गृहस्थ बहुधा चहाला गेले असावेत. जाताना त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि चालू ठेवला. त्याचे तोंड बुवांकडे होते. पुढली नऊ मिनिटे कोणी तो हलवत नाही. वर पट्ट्यापट्ट्यांनी पांढरे पडते, रंग उडालेला आहे, आवाज दोन ठिकाणी बुडतो. पण बुवा आहेत, त्यांचा उजवा हात आहे, तबलजीकडे पाहून केलेली ती मिस्कील मान आहे. आणि मागे, तंबोऱ्यावर, हिरव्या काठाचे पातळ नेसून पस्तीस वर्षांच्या काकू बसलेल्या आहेत. त्या नऊ मिनिटांत त्यांनी तंबोऱ्यावरून एकदाही नजर उचललेली नाही.

काकूंनी तो तुकडा दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी मला आवाज थोडा मोठा करावयास सांगितला, आणि तंबोरा किंचित उतरला होता, असे म्हणाल्या.